तंबूत थंडी वाजते ती खालून

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. म्हैसमाळला किंवा नाथसागराच्या काठी तंबू टाकणारे पहाटे चारला कुडकुडत उठतात, अंगावर दोन-दोन ब्लँकेटं असूनही. कारण अंगाखाली काहीच नसतं.

पाठीखाली दबलेली स्लीपिंग बॅग चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि अंगातली ऊब सरळ जमिनीत उतरते. म्हणून तीन पांघरुणं असतील तर दोन खाली घाला, एक वर. आधी ताडपत्री, तिच्यावर तंबू, आत 10 मिलिमीटर जाड फोमची चटई आणि वर घडी घातलेली वाकळ. ताडपत्री तंबूच्या बाहेर चार बोटंही दिसू देऊ नका, नाहीतर तिच्यावर पडलेलं दव ओघळून तळाखाली येतं. नुसती हवेची गादी थंडीत उपयोगाची नाही. तिच्यातली हवा फिरत राहते आणि पाठ गार पडते. शेतात मुक्काम असेल तर ताडपत्रीखाली वीतभर कडबा पसरा. पेंढ्या आधी काठीने झोडपून घ्या, त्यांत विंचू असतात. आणि कडब्याजवळ जाळ अजिबात नको.

जागा मुरमाड उंचवट्याची बघा. गार हवा जड असते, ती सखल भागात आणि पाण्याच्या काठाला साचते. काळ्या रानातल्या भेगा तर साप-विंचवांची घरंच.

झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावून बाटली उलटी करून बघा, मोज्यात घाला आणि दोन मांड्यांच्या मधे धरा. थर्मासची बाटली घेऊ नका, ती ऊब आतच कोंडून ठेवते. निजण्याआधी शेंगदाणे-गूळ खा, दिवसभराचे घामट कपडे बदला, कानटोपी घाला. तोंड मात्र पांघरुणाबाहेरच ठेवा, श्वासाची वाफ पांघरूण ओलं करते. त्याच कारणाने तंबूच्या वरच्या खिडक्या उघड्या हव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेगडी, कोळसा किंवा गॅस तंबूत नेऊ नका, पाच मिनिटांसाठीही नाही. धूर संपून नुसते लाल निखारे उरले की लोकांना वाटतं, आता धोका नाही. कार्बन मोनॉक्साइड तेव्हाही निघत असतो. त्याला ना रंग, ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

मच्छरदाणीची चेन मात्र कायम बंद. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही; काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय स्थिर ठेवून 108 ला फोन करा. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले तर तसंच तातडीने निघा. त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलंय.

बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. आणि अंधार पडायच्या आत दोन गोष्टी बघून ठेवा: मोबाइलला रेंज कुठे येते आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे.