समुद्राकडचा दिवा

कोकणकिनाऱ्यावरच्या वेळासला दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालं. सोलकढीची तिसरी वाटी नको होती, पण मुक्कामाच्या घरच्या काकू वाढत्या हाताच्या. पडवीतल्या बाजेवर आडवी झाले, तर समोर विजेच्या बोर्डाशेजारी चिकटवलेला कागद दिसला. ‘अंधार पडल्यावर समुद्राकडचा दिवा लावू नये. बॅटरी लागल्यास मागावी.’ खाली सही नाही, विनंती नाही, ‘हुकमावरून’सुद्धा नाही.

मला दिवे घालवत फिरायची खोडच आहे. वडिलांकडून आली. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की ते विचारत, ‘आत कोणाचं लग्न आहे?’ आजोळी मात्र उलट. तिन्हीसांजेला ओटीवर दिवा लागलाच पाहिजे, नाहीतर लक्ष्मी दारावरून परत जाईल, असा आजीचा धाक. आणि इथे पाहुणी यावी म्हणून दिवा मालवायचा. कासवीण रात्री वर येते, उजेड-गडबड दिसली तर अंडी न घालताच मागे वळते. पिल्लांचा गोंधळ तर याहून मोठा. रात्री जमिनीपेक्षा समुद्र उजळ दिसतो, तिकडे धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पडवीत शंभराचा बल्ब लागला की ती बिचारी पडवीकडे.

आजोळचं घरही किनाऱ्यालगतच होतं. एका थंडीत मामेभाऊ पहाटे धावत आला, ‘चला, ट्रॅक्टर येऊन गेलाय.’ गावात ट्रॅक्टर नव्हता. पुळणीवर पाण्यापासून वरपर्यंत रुंद पट्टा उमटलेला, आणि तसाच एक परतीचा. पट्ट्याच्या टोकाला शेजारचा एक गडी आमच्या आधीच कोपरापर्यंत हात घालून बसला होता. पाटी भरून अंडी काढली त्याने. पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, दाबलं की खळगा पडणारी. त्यातली काही तो प्रेमाने आमच्याकडे घेऊन आला. आजीने पाटी ओटीच्या पायरीवरही ठेवू दिली नाही. मग मुलांनी माडाखाली तीन दगड मांडून ती उकडली. पिवळं शिजलं. पांढरं काही केल्या आळेना. तासभर जाळ घातला, झावळ्या संपल्या, तरी ते तसंच पातळ. मी खाल्लं की नाही, ते आता नीट आठवत नाही. आठवत नाही, हे सोयीचंही आहे.

तेव्हा कोणालाच यात वावगं वाटलं नव्हतं. अंडी बाजारातही मिळायची. वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आली, आणि अंडी काढण्यात ज्यांचा हात बसलेला होता अशा गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन घरटी राखू लागली. मला हे फार आवडतं. घरटं कुठे आहे हे वाळूकडे बघून ज्याला कळतं, त्याच्याइतका चांगला राखणदार कुठून आणणार? अंडी अलगद उचलायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, दीडेक महिना कोल्ह्याकुत्र्यांवर नजर ठेवायची. 2006 पासून तर कासव महोत्सवच होतो. नाना फडणवीसांच्या या गावात आता लोक पिल्लांसाठी मुक्कामाला येतात.

संध्याकाळी घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली तेव्हा तळाशी चार पिल्लं होती. दोरीच्या अलीकडे आम्ही साठ-सत्तर माणसं. वाळूवर सोडल्यावर त्यातलं एक मध्येच थांबलं, तर माझ्या शेजारचे गृहस्थ ‘अरे चल, चल’ असं शाळेच्या शर्यतीत ओरडावं तसे ओरडायला लागले. गावातल्या पोराने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग गृहस्थांनी कुजबुजत, ‘चल ना.’

रात्री जेवताना काका म्हणाले, पुढल्या वर्षी वर मजला चढवायचा विचार आहे. पाहुण्यांना खोलीतून समुद्र दिसायला हवा असतो. मी भाकरीकडे बघत राहिले. कासवांमुळे पाहुणे, पाहुण्यांमुळे मजला, मजल्यामुळे समुद्राकडे खिडक्या. काकांना काय म्हणून सांगावं? मुलाची नोकरी मुंबईत, आंबा दोन वर्षं धड नाही. आणि खरं सांगायचं तर खोलीतून समुद्र दिसतो का, हे मीही फोनवर विचारलं होतंच. खिडक्यांचं एक वेळ ठीक, पडदे लावता येतील. किनाऱ्याला जागोजागी धूपप्रतिबंधक बंधारे होतायत, त्या दगडांवरून कासवीण चढणार कशी? हा प्रश्न काकांच्या हातातला नाही, म्हणून मी तो विचारला नाही.

घरी आल्यावर आत्याला गुहागरच्या कासविणीची बातमी वाचून दाखवली. 2021 मध्ये ओडिशात अंडी घालताना तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची नंबरपट्टी लावली होती. तीच 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तिकडची कासवं निराळी, इकडची निराळी, असा आजवर समज होता. हिने सगळ्या देशाला वळसा घातला.

आत्या पोथीतून मान वर न काढता म्हणाली, ‘एक माहेर असेल, एक सासर. पण दोन्हीकडे बाळंतपणं स्वतःच काढायची म्हणजे फारच झालं.’