सोडियम गॅडोलिनियम फ्लोराइडचे नॅनोकण आणि आर-१ चा आकडा: माझा अनुभव

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टसाठी हे कण बनवायला मला एक दिवस लागतो. त्यांचा आर-१, म्हणजे रिलॅक्सिव्हिटी (ठरावीक गॅडोलिनियम पाण्याचं चुंबकीय पूर्वपदावर येणं किती वेगवान करतो ते), खात्रीने सांगायला मात्र आठवडा जातो.

कृती ठरलेली आहे. गॅडोलिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ३७२ मिलिग्रॅम (१ मिलिमोल) घेऊन ६ मिली ओलेइक आम्ल आणि १५ मिली ऑक्टाडेसीनमध्ये, आर्गॉनखाली, १५० अंशांवर विरघळवायचं. द्रावण नितळ झालं की ५० अंशांवर आणायचं आणि मिथेनॉलमधलं सोडियम हायड्रॉक्साइड (२.५ मिलिमोल) व अमोनियम फ्लोराइड (४ मिलिमोल) हळूहळू सोडायचं. ही दोन्ही मी वेगवेगळी विरघळवतो आणि ऐन वेळी एकत्र करतो. आधीच मिसळून ठेवली तर सोडियम फ्लोराइड तळाशी बसतं आणि प्रमाण बिघडतं. फ्लोराइडसाठी भांडं प्लॅस्टिकचंच, त्याने काच खाल्ली जाते. अर्ध्या तासाने मिथेनॉल उडवायचं, मग १०० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत व्हॅक्यूम. मिथेनॉल मागे राहिलं तर पुढे तापवताना फ्लास्क उसळतो. शेवटी आर्गॉनखाली ३०० अंश, एक तास. त्यानंतर इथेनॉल घालून सेंट्रिफ्यूज.

कण जितके लहान तितकं बरं, कारण पाण्याशी गाठ पडते ती मुख्यतः पृष्ठभागावरच्या गॅडोलिनियमची. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये हे आकड्यांत दाखवलं: १.५ टेस्लावर ८ नॅनोमीटरच्या कणांचा आर-१ सुमारे ३, तर २.५ नॅनोमीटरच्यांचा ७.२ (प्रति मिलिमोलर प्रति सेकंद).

कण पाण्यात आणायला मी पीएच ४ च्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ढवळून ओलेटचा, म्हणजे ओलेइक आम्लातून कणांवर बसलेला, थर काढतो. धोका इथेच आहे. आम्लाने थोडा गॅडोलिनियम सुटतो, आणि सुटा आयन कॉन्ट्रास्ट उत्तम देतो. त्याला आठ पाण्याचे रेणू चिकटतात, गॅडोलिनियम-डीटीपीएला (आयन घट्ट पकडून ठेवणारं एमआरआयचं जुनं कॉन्ट्रास्ट औषध) एकच. त्यामुळे गळती झालेला नमुना कागदावर जास्त चांगला दिसतो आणि शरीरात विषारी ठरतो. म्हणून डायलिसिसनंतर, म्हणजे सुटे आयन पडद्यातून काढून टाकल्यावर, झायलेनॉल ऑरेंजची (सुट्या गॅडोलिनियमने रंग बदलणारं रंगद्रव्य) चाचणी मी कधीच टाळत नाही: पीएच ५.८ चा अ‍ॅसिटेट बफर, ५७३ आणि ४३३ नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर. पिवळा रंग जांभळटाकडे झुकला तर पुन्हा डायलिसिस. फॉस्फेट बफरमध्ये ही चाचणी करू नका. तिथे सुटा गॅडोलिनियम फॉस्फेट बनून बसतो, रंग पिवळाच राहतो आणि नमुना स्वच्छ असल्याचा भास होतो.

दुसरी चूक आयसीपीची, म्हणजे नमुन्यातला धातू मोजणाऱ्या यंत्राची; आर-१ काढताना याच गॅडोलिनियमच्या आकड्याने भागतात. गॅडोलिनियम फ्लोराइड सहजी विरघळत नाही. नायट्रिक आम्लात पचन अर्धवट राहिलं तर गॅडोलिनियम कमी मोजला जातो, भागाकारात खालची संख्या घटते आणि आर-१ फुगतो. पचवलेली नळी उजेडासमोर धरून पाहा. तळाशी धुरकट पांढरी रेघ दिसली तर तो नमुना मोजायला पाठवू नका.

टी-१ साठी (पाण्याला चुंबकीय पूर्वपदावर यायला लागणारा वेळ) ०.०५ ते ०.५ मिलिमोलरच्या पाच नळ्या आणि एक नुसत्या पाण्याची. इन्व्हर्जन रिकव्हरी या मोजणीच्या पद्धतीत टीआर, म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ, टी-१ च्या किमान पाचपट. १/टी-१ ची रेषा शून्य सांद्रतेला पाण्याच्या नळीच्या किमतीशी भिडायला हवी. तशी भिडली नाही तर मी स्लोप, म्हणजे रेषेचा चढ (हाच आर-१), काढतच नाही. शेजारी गॅडोलिनियम-डीटीपीएची मालिका ठेवतो, १.५ टेस्ला आणि ३७ अंशांवर तिचा आर-१ ३.३ च्या आसपास आला नाही, तर आधी नळ्यांचं तापमान तपासतो.