जोडीत वर कोण?

माझी भाची पेनसिल्व्हेनियात असते. आता ती तिकडची नागरिक झाली आहे आणि डेमोक्रॅटिक पक्षाची मतदार म्हणून तिने नाव नोंदवलंय. त्या राज्याचा नियम असा, की ज्या पक्षात नाव त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत. म्हणजे २०२८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला पुढे करायचं, हे ठरवणाऱ्यांत तीही असणार. परवा फोनवर तिने विचारलं, "मावशी, तुझी सगळी नोकरी निवडणुका घेण्यात गेली. दोन माणसं चांगली असली तर वर कोणाला ठेवायचं आणि खाली कोणाला?"

वर म्हणजे राष्ट्राध्यक्ष, खाली म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. हे फोनवर बोलून संपणारं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी सहकार खात्यात होते. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातल्या विकास सोसायट्या आणि पतसंस्थांच्या निवडणुका मी घेतल्या. आपल्याकडे या निवडणुका पॅनलवर लढतात. पॅनलला एक नाव, एक चिन्ह, कपबशी नाहीतर छत्री. मतदार संचालक निवडतो. चेअरमन कोण व्हायचा, हे त्याच्या हातात नसतं. गुलाल उधळून झाला की निवडून आलेले संचालक सहलीला जातात, फोन लागेनासे होतात आणि चेअरमन निवडीच्या दिवशी गाड्या थेट संस्थेच्या दारात येऊन थांबतात. अध्यासी अधिकारी म्हणून मी टेबलाशी बसलेली असायचे. चेअरमनपदासाठी बहुतेक वेळा एकच अर्ज यायचा, सूचक-अनुमोदकाच्या सह्या आधीच झालेल्या. पाठोपाठ व्हाइस चेअरमनचा अर्ज. तो कोणाचा येणार हे चेहऱ्यांवरून कळायचं. खोलीत जो सगळ्यांत जास्त नाराज, त्याचा.

तिथे बसून माझं एक मत पक्कं झालं. वरची जागा ज्याने तडजोडीत मिळवली, तो पुढची पाच वर्षं तडजोडीच करत राहतो. आज याला सांभाळ, उद्या त्याला. कर्जवसुलीसारखा नकोसा निर्णय तो घेऊच शकत नाही.

राज्यातही आपण हेच पाहिलं. २० नोव्हेंबर २०२४ ला आपण नाशिककर रांगेत उभे राहिलो, तेव्हा मुख्यमंत्री कोण होणार हे दोन्हीकडे ठरलेलं नव्हतं. महाविकास आघाडीचा चेहरा जाहीर करा, असं उद्धव ठाकरे ऑगस्टपासून म्हणत होते, पण तो जाहीर झाला नाही. महायुती लढली एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना, आणि ५ डिसेंबरला शपथ घेतली देवेंद्र फडणवीसांनी. नियमात चूक काही नाही, आमदारांनीच नेता निवडायचा असतो. पण मतदार म्हणून मला ते खुपतं.

अमेरिकेत तसं नाही. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष, दोघांची नावं एकत्र छापलेली असतात. वर कोण आणि खाली कोण हे मत देण्याआधी ठाऊक असतं, आणि एकच मत दोघांना जातं. पण तिथेही सुरुवातीला आपल्यासारखाच घोळ होता, आणि तो किस्सा मला फार मोलाचा वाटतो. १८०० सालच्या निवडणुकीत थॉमस जेफरसन राष्ट्राध्यक्ष आणि आरन बर उपराष्ट्राध्यक्ष, असं त्यांच्या पक्षात ठरलेलं होतं. पण तेव्हा राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निवडणूक मंडळातला प्रत्येक सदस्य दोन मतं द्यायचा आणि त्यातलं कुठलं मत कुठल्या पदासाठी, हे लिहायची सोयच नव्हती. शिस्तीने सगळ्यांनी दोघांना मतं दिली आणि दोघांना ७३-७३ पडली. बरने तेव्हा "मी दुसऱ्या जागेसाठी होतो" एवढं स्पष्ट म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि तिथे बरीच मतं नुकत्याच हरलेल्या विरोधी पक्षाच्या हातात! फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. १७ फेब्रुवारी १८०१ ला, ३६ व्या फेरीत, जेफरसन निवडून आला.

त्या दिवसांत या विरोधी पक्षाचा नेता अलेक्झांडर हॅमिल्टन याने आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांमागून पत्रं लिहिली. जेफरसनशी त्याचं उभं वैर. राज्यकारभार, बँक, परराष्ट्र धोरण, एकाही बाबतीत पटत नव्हतं. तरीही त्याचं म्हणणं असं, की दोघांतून निवडायचंच असेल तर जेफरसन निवडा. त्याला निदान काही तत्त्वं आहेत, बरला स्वतःपलीकडे काही नाही. पुढे १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती आली, दोन पदांची मतं वेगळी झाली. त्याच वर्षी बरने द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनवर गोळी झाडली आणि तो मेला.

माझी पहिली कसोटी यातून येते. हा माणूस कुठल्या बाबतीत वाकणार नाही, हे त्याच्या विरोधकालाही सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर तो कितीही हुशार असो, त्याला वर ठेवू नये.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आमचा निवृत्तांचा गट असतो. तिथे हा विषय काढला, तर बहुतेकांचं उत्तर एकच आलं: वर गर्दी खेचणारा ठेवा, खाली अनुभवी ठेवा, एकाची उणीव दुसरा भरून काढेल. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि त्याला कारण आहे १९६० ची जोडी.

तेव्हा जॉन केनेडी ४३ वर्षांचा. खाली घेतला लिंडन जॉन्सन, सिनेटमधला बहुमताचा नेता, आत-बाहेर सगळं ठाऊक असलेला. मतांच्या हिशोबाने ही जोडी चपखल होती. जॉन्सनचं टेक्सास सुमारे ४६ हजारांच्या फरकाने मिळालं. पण कारभाराचं काय झालं? ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली आणि जग अणुयुद्धाच्या काठावर आलं. २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केनेडीने मोजक्या माणसांना आपल्या कार्यालयात बसवलं आणि तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं गुपचूप काढून घेण्याची तयारी दाखवायचं ठरवलं. त्या खोलीत जॉन्सन नव्हता. जोडीतला सगळा अनुभव दाराबाहेर! निभावलं ते केनेडीच्या स्वतःच्या विवेकामुळे, आणि आदल्या वर्षी बे ऑफ पिग्जमध्ये, म्हणजे क्युबावरच्या फसलेल्या स्वारीत, तोंडघशी पडल्यावर सेनाधिकाऱ्यांचं ऐकून न घेता प्रश्न विचारायला तो शिकला होता, त्यामुळे. वरच्या माणसात जे नाही, ते खालच्याकडून उसनं आणता येत नाही.

खालची जागा मात्र समजूत काढायला वाटू नये. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले तेव्हा हॅरी ट्रुमनला उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबॉम्ब कुठवर आलाय हे त्याला शपथ घेतल्यानंतर कळलं. आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्ष मध्येच वर गेले आहेत.

"दोघं मिळून चालवू" हा प्रकारही तिकडे होऊन गेलाय. १९८० साली डेट्रॉईटच्या अधिवेशनात रेगन यांच्या जोडीला माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना खाली घ्यायची बोलणी झाली. फोर्ड यांना अधिकारात मोठा वाटा हवा, अशी चर्चा पसरली आणि बोलणी फिसकटली. रेगन यांनी बुश यांना घेतलं. आपल्या अडीच-अडीच वर्षांच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही पटेल की ते फिसकटलं ते बरं झालं. आणि २००८ साली, उमेदवारीच्या शर्यतीत मागे असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्याकडून एकत्र जोडीची सूचना आली, तेव्हा ओबामांनी मिसिसिपीत लोकांना विचारलं होतं की दुसऱ्या क्रमांकावरचा पहिल्याला दुसरी जागा कशी काय देऊ करतो? तो प्रश्न मला रास्त वाटला. वरची जागा मतांनी ठरते, मोठेपणाने नाही.

म्हणून माझी दुसरी कसोटी: तो माणूस लढून आलेला हवा. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनाने उचललं आणि ते थेट उमेदवारीपर्यंत गेले. हरल्यावर काय करतो, हे त्यांच्याबाबतीत लोकांना दिसलं होतं. २०२४ मध्ये हे घडलंच नाही. २७ जूनच्या वादचर्चेत बायडन अडखळले, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस वर आल्या. निवडणुकीला १०७ दिवस उरले होते. ५ नोव्हेंबरला निवडणूक मंडळाची मतं ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. बाई कर्तबगार आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी एकाही राज्याची प्रायमरी जिंकलेली नव्हती. २०२० च्या शर्यतीतून तर त्या मतदान सुरू होण्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये बाहेर पडल्या होत्या. पक्षाने त्यांना खुल्या लढतीची संधी दिली नाही, हा मतदारांवर आणि त्यांच्यावरही अन्याय झाला. त्यांचं आजोळ तामिळनाडूतलं म्हणून आमच्या गटात काहींना त्या आजही आपल्या वाटतात. भाचीने त्या कारणासाठी मत देऊ नये.

आता पुढची नावं. डेमोक्रॅट्समध्ये गव्हर्नर म्हणून (आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद) राज्य चालवलेले कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम आणि पेनसिल्व्हेनियाचे जॉश शापिरो, शिवाय माजी वाहतूकमंत्री पीट बुटिजज यांची चर्चा असते, हॅरिस यांचंही नाव निघतं. बुटिजज बोलतात सुरेख, मुद्दा इतका स्वच्छ मांडतात की ऐकत राहावं. पण निवडून येऊन सांभाळलेलं त्यांचं पद म्हणजे साउथ बेंड या छोट्या शहराचं महापौरपद. न्यूसम यांनी लोकसंख्येने सर्वांत मोठं राज्य चालवलं आणि २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्याचं मतदान झालं, त्यातही ते टिकले. लढून आलेला माणूस. शापिरोंचं एकच काम सांगते. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात टँकरला आग लागून आय-९५ महामार्गावरचा पूल कोसळला. कित्येक महिने लागतील असा अंदाज होता. बाराव्या दिवशी तात्पुरत्या भरावावरून गाड्या धावायला लागल्या. आमच्या द्वारका चौकातली कोंडी रोज भोगणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते.

आज विचारशील तर माझा कल राज्य चालवलेल्या माणसाला वर ठेवण्याकडे आहे, आणि सुरेख बोलणारा खाली, तोही उद्या वर जाऊ शकेल अशा तयारीचा असला तरच. न्यूसम की शापिरो, हे मी इथे बसून ठरवणार नाही. ते दोघं एका मंचावर उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारतील, तेव्हा दिसेल.

आणि तू, पोरी, मतदानाच्या दिवसाची वाट बघत बसू नकोस. तुमची प्रायमरी साधारण एप्रिलमध्ये येते, तोवर बरीच राज्यं मत देऊन मोकळी झालेली असतात. आधीच सभांना जा. हात वर कर आणि विचार: तुमच्याच समर्थकांना नाराज करून घेतलेला एक निर्णय सांगा. मग दुसरं विचार: उद्या तुम्ही नसलात तर कोणाच्या हाती देश द्याल, आणि का? उत्तर देताना तो माणूस सल्लागाराकडे बघतो की तुझ्याकडे, तेही मला कळव.