शासनमान्य म्हणजे सरकारी नव्हे

"म्हणजे तुम्ही सरकारी नोकरीतच ना?" बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, मुलाच्या स्थळाच्या बैठकीतसुद्धा मला हे विचारलं गेलंय. मी गावातल्या वाचनालयाची ग्रंथपाल. पाटीवर 'शासनमान्य, क वर्ग' असं लिहिलंय, त्यातलं 'शासन' तेवढं लोक वाचतात. बावीस वर्षं तोंडी उत्तर देऊन जीभ झिजली. आता लिहूनच टाकते.

नाही, मी सरकारी नाही. मी संस्थेची नोकर. संस्था म्हणजे वाचनालय चालवणारी गावातली नऊ माणसं, त्यातली चार सभेला येतात. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1 मे 1968 पासून लागू झाला. त्यानं संचालनालय दिलं, राज्य परिषद दिली, जिल्हा समित्या दिल्या. ग्रंथालय कर तेवढा दिला नाही. वाचनालयं लोकांनी चालवायची, शासनानं मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान द्यायचं, उरलेलं संस्थेनं उभं करायचं. अनुदान दोन हप्त्यांत येतं. निम्मं वेतनाला, निम्मं पुस्तकं-वर्तमानपत्रं, भाडं, लाइटबिल असल्या वेतनेतर खर्चाला. वाचनालयांचे अ ते ड असे वर्ग, त्यातल्या आमच्या क वर्गाला 2012 नंतर वर्षाला 96,000 मिळायचे. म्हणजे पगाराला महिना चार हजार, त्यात मी आणि शिपाईमामा दोघं. आता करा हिशोब आणि मग विचारा सरकारी का.

एके काळी मी यावर भाषण ठोकायची. आमच्या गडहिंग्लज तालुक्यातून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. तिथल्या 1965 च्या कायद्यात घरा-जमिनीच्या करावर ग्रंथालय कर आहे. न्यू जर्सीतला भाचा काउंटी लायब्ररीचं कार्ड नाचवतो, तिथंही मालमत्ता करातूनच पैसा. आणि आमच्या कोल्हापूर संस्थानानं तर मद्रासच्या 1948 च्या कायद्याआधी, 1945 मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता! मग आम्हीच असे का? हे सगळं मी वेतनश्रेणीच्या मोर्चात माइकवर बोललेय. नंतर कळलं, कर असलेल्या त्या कर्नाटकातही गावपातळीवरचे ग्रंथपाल वर्षानुवर्षे मानधनावरच होते. तेव्हापासून भाषणातला तो भाग मी जरा भरभर म्हणते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

2012 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. महसूल खात्याची माणसं दारोदार. आमच्याकडं तिघं आले, भर दुपारी. पंखा होता, वीज नव्हती. आधी पुस्तकांची दाखलनोंद वही काढली. चार पुस्तकं नंबर सांगून मागितली, तीन सापडली. चौथं अध्यक्षांच्या घरी, तीन वर्षं. मामा सायकल घेऊन पळाले. तोवर साहेबांनी वाचकांची रोजची सह्यांची वही ओढली.

ती वही म्हणजे माझं पाप. वाचक कमी दिसले तर वर्ग जाईल, वर्ग गेला तर अनुदान जाईल, ही भीती. त्यामुळं दिवसाला बारा आले की मी वीस करायची. निळं पेन, काळं पेन, एखादी सही डाव्या हातानं. हे सगळीकडं चालायचं असं म्हणून मी सुटू शकते, म्हणतेही. पण बाकीच्यांच्या वह्या मी पाहिल्या नाहीत, माझी पाहिलीय.

साहेबांचं बोट एका नावावर थांबलं. "हे गृहस्थ रोज येतात. अगदी एकतीस मार्चपर्यंत. बोलवा त्यांना."

मामा नुकतेच परतले होते. घाम पुसत म्हणाले, "आप्पा? ते फेब्रुवारीतच वारलं की सायेब. बाईंचं सासरं."

आप्पा खरंच रोज यायचे. पेपर आधी मधलं पान उघडून वाचायचे, उठताना थरथरत सही करायचे. ते गेले, दहावं-तेरावं झालं, मी कामावर आले आणि त्यांची सही करत राहिले. पुढं नणंद म्हणाली, मायेपोटी केलंस गं. माया कसली! मार्चअखेर जवळ आली होती, आकडा भरत नव्हता. ते नाव सवयीनं हातात येत होतं. फक्त एक कळत नाही. मी ती थरथरसुद्धा गिरवली होती. आकड्याला थरथर लागत नाही.

साहेब चिडले नाहीत, त्यानंच जास्त लागलं. वही मिटून म्हणाले, "बाई, तुम्ही सरकारी नोकर असता तर आज निलंबित झाला असता."

आणि मी म्हणाले, "मी सरकारी नाही साहेब. संस्थेची आहे."

ज्या वाक्याचा उभा जन्म राग केला, वेतनश्रेणीसाठी ज्याच्या विरुद्ध घोषणा दिल्या, त्याच वाक्याआड त्या दुपारी मी लपले. अहवालात 'त्रुटी' लागली. लेखी खुलाशात मी 'नजरचुकीने' असं लिहिलं. वर्ग वाचला. वेतनश्रेणी मागणारी मी आणि पदरात सही लपवणारी मी, दोघी एकाच खुर्चीत बसतो. त्यातली कुठली खरी, असं पूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी तावातावानं पहिलीचं नाव घेतलं असतं. आता गप्प बसेन.

2022 मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. कागदावर आमचे 1,53,600 झाले. म्हणजे पगाराला महिना 6,400, दोघांत. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तरीही वेतनश्रेणी मिळायलाच हवी, असं मी आजही म्हणते. कामं सरकारी घेता तर माणसंही सरकारी करा. आणि मग वही तपासायला आले, तर निलंबितही करा. हे दुसरं वाक्य मी माइकवर अजून बोललेले नाही.

काल सात जण आले. दोन पोरं स्पर्धा परीक्षेची, बाकीचे पेपरवाले. वहीत सातच सह्या आहेत. हा जून आहे, मार्चचं आत्ता विचारू नका.