‘प्रिझाइड’चा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका आली, सोबत शिक्षकांच्या आठवणी लिहून पाठवा अशी संयोजकांची विनंती. इंग्रजी बाजूला ‘प्रिझाइडेड ओव्हर बाय’ (म्हणजे ‘यांच्या अध्यक्षतेखाली’) हे तिन्ही शब्द जागच्या जागी पाहिले आणि आपले इंग्रजीचे सर आठवले. एरवी पत्रिकांतून ‘ओव्हर’ हमखास गळतो. ‘ओव्हर’ आणि ‘बाय’ शेजारीशेजारी दिसले की छापणाऱ्याला एक जास्तीचा वाटतो. मराठीत आपण सभा ‘चालवतो’, म्हणून ‘प्रिझाइड द मीटिंग’ लिहून मोकळे होतो. पण या क्रियापदाला थेट कर्म चालत नाही. ‘ओव्हर’ लागतो, कधी ‘ॲट’. वाक्य कर्मणी केलं तरी ‘ओव्हर’ क्रियापदाला चिकटून राहतो, ‘बाय’ त्याच्या मागून येतो.

दहावी ‘ब’मध्ये स्नेहसंमेलनाच्या अहवालात कुणीतरी नेमकी हीच चूक केली होती. सरांनी वही परत केली नाही. डावा हात हलणारी ती लाकडी खुर्ची फळ्यासमोर ओढली, एकाला तीत बसवलं आणि विचारलं, “हा काय करतोय?” उत्तर आलं, “बसलाय.” “कुठं?” “पुढं.” झाला अर्थ! लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे पुढे, ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. जोडशब्दात ‘से’चा ‘सि’ होतो, म्हणून ‘प्राएसिदेरे’. पुढे बसणारा राखणही करतो, म्हणून लॅटिनमध्ये ‘प्राएसिदियुम’ म्हणजे शिबंदी, पहारा. बाजू या अर्थाच्या ‘साइड’शी याचा काही संबंध नाही, तो शब्द जर्मानिक घराण्यातला.

उच्चाराचा घोटाळाही सरांनी तिथंच निस्तरला. ‘डिसाइड’, ‘सुइसाइड’ यांत कापणे-मारणे या अर्थाचा ‘काएदेरे’ धातू आहे, तिथं ‘स’. ‘प्रिझाइड’, ‘रिझाइड’ बसण्यातले, तिथं झाडातला ‘झ’. कापतो तो ‘स’, बसतो तो ‘झ’. ‘सबसाइड’ बसण्यातलाच असून ‘स’ घेतो, तेवढा अपवाद. आणि ‘प्रिझाइड’चा आघात दुसऱ्या अवयवावर, ‘प्रेझिडेंट’चा पहिल्या.

मग खरी गंमत. ‘सेदेरे’ आणि संस्कृत ‘सद्’ एकाच मुळाचे. संसद, परिषद, सदस्य, उपनिषद, इतकंच काय, प्रसाद आणि विषादसुद्धा ‘सद्’चेच. इंग्रजीत सेशन आणि सेडिमेंट. ‘चेअर’ ग्रीक ‘काथेद्रा’वरून आली, तिच्यातला ‘हेद्रा’ (आसन) हाही त्याच मुळाचा. म्हणजे खुर्ची आणि तीत बसणारा, दोघे भाऊबंद!

मुंबई इलाख्याला ‘प्रेसिडेन्सी’ का म्हणत, हेही त्याच तासाला कळलं. सुरतेच्या वखारीचा प्रमुख कौन्सिलपुढे बसे, तो ‘प्रेसिडेंट’. 1687 मध्ये कंपनीने ते ठाणं मुंबईला हलवलं आणि मुलखाला बैठकीचं नाव पडलं. आता हे कुठल्या धड्यात होतं? कुठल्याच नाही.

आपला ‘अध्यक्ष’ मात्र बसत नाही, पाहतो: ‘अधि’ म्हणजे वर, ‘अक्ष’ म्हणजे डोळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण ‘अध्यक्षप्रचार’. त्यात शेतीचा सीताध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, गाईंचा गोऽध्यक्ष, सगळे देखरेखवाले. ‘पीठासीन अधिकारी’ हा शब्द मात्र ‘प्रिझाइड’ला अक्षरशः बसतो. त्याच्या अधिकाराची मर्यादा राज्यघटनेच्या 100व्या अनुच्छेदात आहे: सभागृहाच्या अध्यक्षाने आधी मत द्यायचं नाही, मतं समसमान पडली तरच निर्णायक मत.

एका क्रियापदावर सबंध तास देणारे शिक्षक आता कुठून येणार? पोर्शन संपवायचा असतो. बाकीच्या शिक्षकांबद्दल लिहायचं राहूनच गेलं, त्याबद्दल क्षमस्व.

संयोजकांना एक विनंती. ती खुर्ची अजून असेल आणि मंचावर ठेवणार असाल, तर अध्यक्षांना डाव्या हातावर भार देऊ नका म्हणून आधी सांगा. त्या दिवशी बसवलेला मुलगा पडला होता.