कीपिंगचे नवे ग्लोव्ह्ज रुळवताना

नवी कोल्हापुरी चावते, तिला तेल पाजायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घोटाळा होतो तो हेच शहाणपण विकेटकीपिंगच्या ग्लोव्ह्जना लावल्यावर. सीझन तोंडावर आलेला असतो, नवा जोड पुठ्ठ्यासारखा ताठ असतो, मग रात्री तळव्यावर खोबरेल चोळलं जातं. सकाळी ग्लोव्ह खरंच मऊ वाटतो. पुढे कधीतरी तळव्याच्या कडा सुटायला लागतात आणि शिव्या खातो ग्लोव्ह शिवणारा मेरठ-जालंधरचा कारागीर.

कोल्हापुरी सगळी चामड्याची. ग्लोव्हचा तळवा तसा नसतो. बॉलला लागतं ते दाणेदार रबर, त्याच्या मागे चामडं, मग पॅडिंग, आणि हे सगळं धरून ठेवणारा गोंद आणि शिलाई. तेलाने रबर फुगतं, लिबलिबीत होतं, आणि तेल गोंदापर्यंत पोचलं की पकड जाते. बॅटला जवसाचं तेल लावतात म्हणून ग्लोव्हलाही, हा हिशोबही चुकीचा. चामड्याच्या पाठीला आणि अंगठ्याच्या सांध्याला बिनरंगी लेदर क्रीम चालतं, तेसुद्धा हरभऱ्याच्या दाण्याएवढं. रबराला फक्त ओलं फडकं. नव्या रबरावर कारखान्यातला तुळतुळीतपणा असतो, तो दोनतीनदा पुसला की पकड आपोआप सुधारते.

अख्खा ग्लोव्ह मऊ करायचाच नसतो, हे आधी डोक्यात घ्या. वाकायला हव्यात दोनच जागा: अंगठ्याचं मूळ आणि चार बोटांची मुळं. बोटांच्या टोकांना आत कडक टोप्या असतात, त्या कडकच राहायला हव्यात. टोकं मागे-पुढे मोडून टोप्या सैल केल्या, तर पहिला उसळलेला बॉल करंगळीचा हिशोब घेतो. मनगटावरचा पट्टाही असू द्यावा तसाच.

विकत घेताना इनर (ग्लोव्हच्या आत घालायचा पातळ हातमोजा) घालूनच ग्लोव्ह घालून बघा. बोटाच्या टोकापुढे साधारण अर्धा सेंटीमीटर जागा हवी. 'वापरून सैल होईल' हे दुकानदाराचं म्हणणं चामड्यापुरतं खरं आहे, टोप्या काही सैल होत नाहीत. बोट टोपीला टेकत असेल तर एक साइज मोठा घ्यावा.

पहिले तीन-चार दिवस बॉल नकोच. रोज पंधरा मिनिटं, इनर आणि ग्लोव्ह घालून, अंगठा अनामिकेच्या मुळाकडे आणायचा आणि सोडायचा. मग एकेक बोट मुळापासून वाकवायचं. जुना सीझन बॉल (मॅचचा चामड्याचा बॉल) तळव्यात धरून दाबत बसलात तर उत्तम, टीव्हीसमोरही चालतं. इथली नेहमीची चूक म्हणजे ग्लोव्ह वहीसारखा मधोमध दुमडून गादीखाली ठेवणं. घडी तळव्याच्या आडवी पडते, बॉल नेमका त्या घडीवर बसतो आणि उडतो, आणि पुढे रबराला चीर जाते तीही तिथूनच. कीपरचे दोन्ही हात करंगळ्या जुळवून मिळून एक वाटी करतात. म्हणजे प्रत्येक ग्लोव्हला अर्धी वाटी व्हायचंय, पुस्तक नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मोगरी. बॅट ठोकायची लाकडी हातोडी असेल तर तीच. ग्लोव्ह हातातून काढून घडी घातलेल्या चादरीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा, आणि पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या वरच्या भागात, बेताने ठोकायचं. प्रत्येकी दहा मिनिटं, तीन दिवस. जोर हळूहळू वाढवा, पण टोकांवर आणि शिलाईवर एकही घाव नको. रात्री वाटीत जुना बॉल ठेवून सुती पट्टीने सैलसर बांधायचं. रबरबँड करकचून आवळले तर वाटीऐवजी वळ उरतात.

मग झेल. टेनिस बॉल जेमतेम ५८ ग्रॅमचा, सीझन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम. टेनिस बॉलने हाताला सवय लागते, पण पॅडिंग दबत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी शंभरेक झेल टेनिस बॉलचे पुरेत, पुढे जुना, घासलेला सीझन बॉल. भिंत तीन-चार मीटरवर हवी, रोज दोनशे झेल. (सोसायटीच्या पार्किंगची भिंत असेल तर दुपारी एक ते चार सोडून, सीझन बॉलचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.) एकट्याने सराव करणारे बहुतेकजण उजव्या हाताने बॉल फेकायचा म्हणून तो ग्लोव्ह काढून ठेवतात आणि डाव्यानेच झेलतात. पंधरा दिवसांनी डावा मेणासारखा, उजवा नवाकोरा, आणि उजवीकडे गेल्यावर घोळ. दोन्ही ग्लोव्ह घालून अंडरआर्म फेका, नाहीतर कुणाला तरी फेकायला उभं करा.

आठ-नऊशे झेल झाल्याशिवाय जोड मॅचला नेऊ नये, असं माझं मत. नेट्समध्येही आधी मागे उभं राहून फास्ट बोलरला, स्पिनरला सगळ्यात शेवटी. उलटं वाटेल, कारण स्पिनरचा बॉल हळू. पण स्टंपांना चिकटून उभं असताना कड लागून आलेला बॉल तळव्यातच बसावा लागतो. ताठ ग्लोव्ह मिटायच्या आत तो पडलेला असतो. मागे उभं असताना हात मागे न्यायला तेवढा वेळ तरी मिळतो.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जाळीशी खेळू नका. ती ओढून-ताणून पिशवीसारखी करणारे महाभाग आहेत. क्रिकेटचा नियम २७ स्पष्ट आहे: जाळी त्याच दोन बोटांमध्ये, एकाच न ताणल्या जाणाऱ्या तुकड्याची, चुण्या नसलेली, आणि अंगठा पूर्ण ताणला की घट्ट झालेली हवी. तिची वरची कड तर्जनी आणि अंगठ्याची टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेच्या वर येता कामा नये. ग्लोव्ह रुळवताना जाळी ढिली पडली तर अंपायर हरकत घेऊ शकतो, आणि ती योग्यच असेल.

इनरकडे लोक दुर्लक्ष करतात, खरं तर निम्मं काम तिथे आहे. कोरडा इनर आत घसरतो आणि ग्लोव्ह हाताभोवती फिरतो. घालण्याआधी पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या, सुती असो की शॅमॉय (मऊ, पातळ चामड्याचा). किटमध्ये दोन जोड हवेत, ड्रिंक्सला बदलायला. शॅमॉय धुतल्यावर सावलीत वाळवला तरी पापडासारखा कडक होतो; दोन्ही हातांत चुरगाळला की पुन्हा मऊ.

उष्णतेचे शॉर्टकट मात्र नकोत. हेअर ड्रायर, गरम पाणी, एप्रिलमधली पुण्याची गच्ची, बंद गाडीची डिकी, सगळ्यांचा परिणाम एकच: गोंद सुटतो, रबर वाळून तडकतं. मॅचनंतर इनर काढून ग्लोव्ह तोंड उघडं ठेवून पंख्याखाली वाळवायचे, बोटांत 'सकाळ'च्या पानांचे बोळे घालून.

जून ते सप्टेंबर जोड पडून असतो तेव्हा बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला तर हमखास. कापडी पिशवी, आत कागदाचे बोळे, वाटीत एक बॉल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाच मिनिटं बोटं वाकवायची. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झाडायची, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पंख्याखाली. वास राहिला तर इनर बदला. बहुतेक वेळा वास तिथलाच असतो.