बाईंचा प्रयोगाचा तास

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल हा कोल्हापुरात घरोघरी बोलायचा विषय. पेपरात फोटो, पेढे, सत्कार सगळं व्हायचं, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. पण तो निकाल राखण्यासाठीसुद्धा विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगाचा तास कधी सराव परीक्षेला दिला नाही. मला लिहायचंय ते त्याबद्दल.

नववीत पाण्याचा उत्कलनांक काढायचा होता. तिपाईवर चंचुपात्र, स्टँडला अडकवलेली तापमापी, खाली स्पिरिटचा दिवा. काचेला बारीक बुडबुडे चिकटले तसं कुणीतरी ओरडलं, "उकळलं!" बाई म्हणाल्या, "ती पाण्यात विरघळलेली हवा. जरा दम धर." खरी उकळी फुटली तेव्हा पारा ९८ वर थांबला. कितीही वेळ तापवलं तरी हलेना. पुस्तकात तर १००! मग जर्नलमध्ये काय लिहायचं?

"डोळ्यांना दिसतंय तेच लिहा की," म्हणत बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. १०० हा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा आकडा. कोल्हापूर त्याहून साधारण ५५० मीटर उंच, आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक सुमारे एका अंशाने उतरतो. "पन्हाळ्यावर किती भरेल?" हा गृहपाठ. त्या थांबलेल्या पाऱ्यावरूनच अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता, शिकवला, आणि तो आम्हाला कधी पाठ करावा लागला नाही.

हंगामात त्यांनी आम्हाला गुऱ्हाळावर नेलं. सोबत ३६० अंशांपर्यंतची तापमापी. काहिलीत रस रटरटत होता, रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी काढणं चाललं होतं. बाईंनी गुळव्याला विचारलं, "मामा, गूळ झाला हे कशावरनं ओळखता?" मामांनी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहील उतरवायला सांगितलं. तापमापीत ११८ च्या आसपास! पाणी उडून साखरेचं प्रमाण वाढतं तसा उत्कलनांक चढतो, हे आम्ही तिथे धगीसमोर उभं राहून शिकलो. निघताना बाईंनी आम्हाला मामांच्या पाया पडायला लावलं. आजचा तास त्यांनी घेतला होता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टी असूनही, त्या मैदानात काठी रोवून बोलवायच्या. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की सावली काठीच्या बुडाशी नाहीशी व्हायची.

पुढे मी औषधांच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे आकडा पटो न पटो, दिसला तसा नोंदवावा लागतो. नव्वद टक्क्यांच्या वरची मुलं येतात, हुशार असतात, पण ही सवय लागायला त्यांना महिने जातात. हल्ली जर्नलं आयत्या निरीक्षणांवरून उतरवली जातात असं ऐकतो. फार वाईट वाटतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमची तुकडी प्रयोगशाळेला तापमाप्या आणि काचसामान देत आहे. शिक्षकांना एकच विनंती : ते कपाटात कुलूपबंद ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. फुटलं तर कळवा, आम्ही पुन्हा पाठवू.